पुण्यात पहिल्यांदाच क्राफ्ट बिअर प्यायला निघालाय? आधी हे वाचून घ्या

हा लेख अशा मंडळींसाठी आहे ज्यांच्या लेखी आजवर बिअर म्हणजे परमिट रूममधली बाटली, तीही "दादा एकदम चिल्ड द्या", सोबत मसाला शेंगदाणे आणि कांदा-लिंबू, आणि आता कुणीतरी ग्रुपवर "शनिवारी ब्रुअरीला जाऊया" असं टाकलंय आणि तुम्ही अंगठा देऊन मोकळे झालाय. तिथे जाऊन मेन्यू उघडला की हेफेवायझन, विटबिअर, सेझाँ, गोझे असली नावं दिसतात, माणूस बावरतो, शेजारच्याने जे सांगितलं तेच "मलापण एक" म्हणतो आणि मग चांगले पैसे मोजून न आवडलेला मग तोंड वाकडं करत संपवत बसतो. ते टाळायचं असेल तर थोडी तयारी लागते, फार नाही.

उदाहरणं पुण्याची देतोय, कारण महाराष्ट्रात हे सगळं सुरूच पुण्यातून झालं. २००९ मध्ये डूलालीने इथे राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून देणारं छोटं ठिकाण, काढली (नंतर त्यांनी मुंबईत बस्तान बसवलं), पुढच्या काही वर्षांत मुंढव्याला इंडिपेन्डन्स ब्रुइंग कंपनी आली, कोरेगाव पार्कातून एफिंगट सुरू झालं, बंगळुरूचं टॉइट कल्याणीनगरात आलं, आणि ग्रेट स्टेट एलवर्क्स ही तर पुण्याचीच. आता बाणेर-बालेवाडीकडेही भरपूर झाल्यात. मुंबई, ठाणे, बंगळुरूवाल्यांनी जागांची नावं बदलून वाचा, बाकी सगळं तसंच लागू होतं.

दोनच ठिकाणं, आणि ग्लास छोटे

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे म्हणून आधी सांगून टाकतो. "ब्रुअरी हॉपिंग" वगैरे म्हणत एका रात्रीत चार-पाच ठिकाणं करणारे लोक असतात, त्यांचे फोटो छान येतात, पण तिसऱ्या जागेनंतर जिभेला काही कळत नाही आणि चौथ्या जागेचं तर नावही दुसऱ्या दिवशी आठवत नाही. तुम्हाला चव कळून घ्यायची असेल तर एका संध्याकाळी दोन ब्रुअरी, त्यापुढे नाही. एकच केली तर तुलना करायला काही नसतं, तीन केल्या तर तुलना करणारं डोकं जागेवर नसतं.

हिशोब बघा म्हणजे पटेल. ५०० मिलीच्या ५ टक्केवाल्या मगमध्ये २५ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे साधारण २० ग्रॅम, आणि आपलं लिव्हर तासाला ७ ते १० ग्रॅमच्या आसपास निपटतं. म्हणजे एका मोठ्या मगला दोन ते तीन तास गेले. आता टेस्टरचा, म्हणजे चवीपुरत्या छोट्या ग्लासांचा, ट्रे घेतला, सहा ग्लास, प्रत्येकी ९० मिली धरले तरी झाले ५४० मिली, म्हणजे "मी तर फक्त चव बघितली" असं म्हणता म्हणता एक मोठा मग पोटात गेलेला असतो. पहिल्या ब्रुअरीत एक ट्रे, दुसरीत दोन टेस्टर आणि शेवटी आवडलेल्या बिअरचा एक छोटा ग्लास, एवढं चार तासांत आरामात होतं आणि माणूस माणसात राहतो.

कधी जायचं

शनिवारी रात्री नऊला गेलात तर तुम्ही बिअर प्यायला नाही, रांगेत उभं राहायला गेलात असं समजा. म्युझिक मोठं, वेटरला श्वास घ्यायला वेळ नाही, आणि "ह्यात कुठलं यीस्ट आहे हो" असं विचारलंत तर तो तुमच्याकडे बघून पुढच्या टेबलला जाणार, आणि त्याचं काही चुकत नाही. बुधवार-गुरुवार, संध्याकाळी सहा-साडेसहा ही वेळ बेस्ट. जागा मिळते, बऱ्याच ठिकाणी हॅपी अवर्स चालू असतात, आणि नशीब असेल तर स्वतः ब्रुअर तिथेच टाक्यांपाशी काहीतरी करत असतो. ह्या लोकांना आपल्या बिअरबद्दल बोलायला प्रचंड आवडतं, एक प्रश्न विचारा आणि बघा.

गटारीच्या आसपासचा विकेंड मात्र टाळाच टाळा. श्रावण लागायच्या आधी अख्खं शहर शेवटची संधी असल्यासारखं बाहेर पडलेलं असतं आणि त्या गर्दीत टेस्टर मागणाऱ्याला कोण विचारतं. ड्राय डे पण बघून ठेवा: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे पाठ असतात, पण आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी आणि निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास लोक हमखास विसरतात आणि बंद शटरसमोर फोटो काढून ग्रुपवर टाकतात.

वय, ओळखपत्र, परवाना

महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं, हार्ड ड्रिंक्ससाठी २५. तुमच्या ग्रुपमध्ये कुणी तेवीसचा असेल तर त्याला बिअर चालेल, व्हिस्की नाही, हे त्याला आधीच सांगा. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शे गाडीचा जो अपघात झाला, ज्यात दोन तरुण इंजिनिअर गेले आणि आरोपी अल्पवयीन होता, त्यानंतर वय तपासण्याचा विषय पुण्यात कुणी हलक्यात घेत नाही, त्यामुळे मिशी आहे म्हणून सोडतील असं समजू नका. ओळखपत्र ओरिजिनल ठेवा, मोबाइलमधला अंधुक फोटो चालेलच असं नाही.

परवान्याचं म्हणाल तर १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून आहे आणि कागदोपत्री दारू प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आयुष्यभराचाही मिळतो. नेहमी जाणार असाल तर आयुष्यभराचा काढून टाका, विषय संपला.

जायचं कसं, आणि त्याहून महत्त्वाचं, यायचं कसं

स्वतःची गाडी नाही. दुचाकी पण नाही. "दोनच घेतल्यात रे" हे वाक्य नाकाबंदीवरच्या हवालदाराने इतक्या वेळा ऐकलेलं असतं की तो हसतही नाही. कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा फार लवकर ओलांडली जाते. पहिल्यांदा सापडलात तर १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि हे झालं फक्त कायद्याचं.

आता मेट्रोने काम सोपं केलंय. वनाझ ते रामवाडी ही लाईन कोथरूड, डेक्कन, स्टेशन करत थेट त्या भागात जाते. कोरेगाव पार्कसाठी बंडगार्डनला उतरायचं, कल्याणीनगरसाठी कल्याणीनगरलाच, पुढे रिक्षा. ह्या दोन भागांच्या मध्ये फक्त नदी आहे, त्यामुळे एक ब्रुअरी ह्या बाजूला आणि एक त्या बाजूला असा बेत मस्त जमतो. मुंढवापण लागूनच. परतीची शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते जाताना स्टेशनवरच बघून घ्या, ती चुकली तर कॅबचं भाडं बघून उतरते सगळी. बाणेरवाल्यांनी बाणेरमध्येच दोन जागा निवडाव्यात, शहर ओलांडून मुंढव्याला यायच्या नादात संध्याकाळ ट्रॅफिकमध्येच जाते.

निघायच्या आधी

जेवून निघा. पूर्ण ताट नको, पण दोन पोळ्या-भाजी किंवा वरणभात पोटात असलेला बरा, रिकाम्या पोटी पहिलाच ट्रे डोक्यात जातो. परफ्यूम, डिओचा फवारा मारू नका, कारण बिअरची निम्मी चव नाकाने कळते आणि तुमच्या डिओमुळे तुमचंच नाही तर अख्ख्या टेबलाचं नाक बंद होतं. पान, मावा, मिंटची गोळी हे सगळं त्या दिवशी बाजूला. बाकी कपडे काय घालायचे वगैरे मला विचारू नका, बहुतेक ठिकाणी चप्पल-हाफपँटची कटकट असते एवढं माहीत असू द्या.

टेबलावर बसल्यावर

शक्यतो टाक्या दिसतील अशी जागा मागा. काचेपलीकडे जे चकचकीत स्टीलचे उभे ड्रम दिसतात तिथेच तुमची बिअर झालेली असते. थोडक्यात प्रकार असा: बार्लीला मोड आणून वाळवलेला माल्ट भरडतात, गरम पाण्यात भिजवतात, त्यातली साखर पाण्यात उतरते, ते गोड पाणी गाळून उकळतात, उकळताना हॉप्स नावाच्या वेलीची फुलं टाकतात त्याने कडवटपणा आणि वास येतो, मग थंड करून यीस्ट सोडतात आणि यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि गॅस तयार करतं. उरलेला भरड चोथा गुरांच्या खाण्यात जातो. एल प्रकारची बिअर दोन-तीन आठवड्यांत तयार होते, लागरला (बाटलीतली नेहमीची बिअर बहुतेक ह्याच प्रकारची) जास्त थंडावा आणि जास्त वेळ लागतो, महिना-दीड महिना टाकी अडकून पडते. छोट्या ब्रुअरीला टाकी अडकवणं परवडत नाही म्हणून मेन्यूवर एलच जास्त दिसतात. एखाद्याने तरीही नीट लागर बनवली असेल तर त्या जागेबद्दल माझं मत लगेच चांगलं होतं.

वेटर आला की मोठा मग मागवू नका. "टेस्टर ट्रे आहे का?" असं विचारा, सॅम्पलर म्हणा, फ्लाइट म्हणा, त्यांना कळतं. चार-सहा छोटे ग्लास एका लाकडी पट्टीवर येतात. ट्रे नसेल तर एखाद-दोन बिअरचा घोटभर नमुना विचारला की बहुतेक जागी फुकट देतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण गर्दीच्या वेळी आठच्या आठ टॅप फुकट चाखून एक पाण्याची बाटली मागवणारे महाभाग पण असतात, तसं करू नका.

दोन प्रश्न जरूर विचारा. एक, "सध्या सगळ्यात ताजी बॅच कुठली?" आणि दोन, "तुमच्याकडे सगळ्यात जास्त कुठली जाते?" जी जास्त खपते तीच ताजी असते. मेन्यूवर प्रत्येक बिअरसमोर दोन आकडे असतात ते पण बघा. एबीव्ही म्हणजे अल्कोहोलची टक्केवारी, आयबीयू म्हणजे कडवटपणाचा आकडा. १० ते १५ आयबीयू म्हणजे कडू अजिबात नाही, ४० च्या पुढे गेलं की जाणवायला लागतं.

कुठल्या क्रमाने प्यायचं

हलकी ते भारी, कमी कडू ते जास्त कडू, आंबट आणि फळांच्या बिअर मधल्या टप्प्यात, काळ्या शेवटी. हा क्रम मोडून आधीच कडक आयपीए घेतली तर नंतरची प्रत्येक बिअर पाण्यासारखी लागणार. ट्रे आला की वेटरला कुठला ग्लास कुठला ते विचारून डावीकडून उजवीकडे स्वतः लावून घ्या, हे लोक घाईत कसेही ठेवतात.

सुरुवात हेफेवायझनने करा. गव्हाची बिअर, जर्मनीची, गढूळ दिसते कारण गाळलेली नसते, आणि वास घेतला की पिकलेलं केळं आणि लवंग. नवीन माणूस हमखास विचारतो की ह्यात केळं घातलंय का. नाही घातलं, केळं पण नाही आणि लवंग पण नाही, तो सगळा त्या यीस्टचा उद्योग आहे, आंबवताना ते जे पदार्थ तयार करतं त्यांचा वास तसा येतो. पुणेकरांची ही लाडकी, कडू अजिबात नाही, त्यामुळे ज्यांना "मला बिअर आवडत नाही" असं वाटतं त्यांना आधी हीच द्या.

त्यानंतर विटबिअर. ही बेल्जियमची, गव्हाचीच, पण ह्यात मात्र खरोखर मसाला पडतो: धणे आणि संत्र्याची साल. हो, आपलेच धणे. हेफे आणि विट लागोपाठ प्यायल्या की यीस्टने आणलेला वास आणि वरून घातलेला वास ह्यातला फरक जिभेवर कळतो, आणि एकदा तो कळला की पुढचं सगळं सोपं होतं.

सेझाँ असेल तर तिसरी. कोरडी, थोडी मिरमिरीत, बेल्जियमच्या शेतांवरची. इंडिपेन्डन्सची चार धान्यांची सेझाँ त्यांची ओळखीची बिअर आहे, गेलात तर चाखा. मग आंबट प्रकार: गोझेमध्ये मीठ आणि धणे असतात, ज्याला कोकम सरबत आवडतं त्याला ही पहिल्या घोटात आवडते आणि ज्याला नाही त्याला "बिअर खराब झालीये" असंच वाटतं. पुण्या-मुंबईतल्या ब्रुअर लोकांनी कोकम, जांभूळ, हापूस घालून बरेच प्रयोग केलेत, आंब्याच्या सीझनमध्ये तर प्रत्येक मेन्यूच्या फळ्यावर काही ना काही आंब्याचं असतंच. चाखा जरूर, पण माझं स्पष्ट मत असं की ब्रुअरी चांगली की वाईट हे आंब्याच्या बिअरवरून ठरवू नये. फळाच्या वासाखाली बऱ्याच चुका लपतात. साधी हेफे, साधी लागर, ज्यात लपायला जागाच नसते, ती जमली असेल तर ती ब्रुअरी खरी.

आता आयपीए. इंडिया पेल एल. हॉप्स भरपूर, कडू, ४० ते ७० आयबीयू, वास मात्र संत्रं, आंबा, पाइन असा भन्नाट. पहिल्या घोटाला ऐंशी टक्के लोक तोंड वाकडं करतात (हा आकडा माझ्या मित्रमंडळींचा आहे, शास्त्रीय नाही). हे कारल्यासारखं आहे, लहानपणी ताटातून ढकलून द्यायचो आणि आता कुरकुरीत कारलं दिसलं की आधी तेच उचलतो. घाई करू नका, छोट्या ग्लासातले तीन घोट घ्या, मधे पाणी प्या, आणि नाही आवडली तर नाही आवडली, ती आवडली म्हणजेच तुम्हाला बिअर कळते असं सांगणाऱ्या दाढीवाल्यांकडे लक्ष देऊ नका.

शेवटी स्टाउट, काळी. भाजलेल्या बार्लीमुळे काळा रंग आणि कॉफी-चॉकलेटचा वास. लोकांना वाटतं काळी म्हणजे कडक, तर तसं काही नाही, आयरिश पद्धतीची ड्राय स्टाउट साधारण चार ते पाच टक्क्यांचीच असते. उलट सोनेरी, निरागस दिसणारी बेल्जियन ट्रिपेल ८ टक्क्यांच्या आसपास जाते. ३३० मिली आठ टक्केवाली म्हणजे ५०० मिली पाच टक्केवालीपेक्षा जास्त अल्कोहोल, ग्लास छोटा दिसतो म्हणून फसू नका. रंग बघून नाही, आकडा बघून प्या.

साइडर मेन्यूवर असते ती तांत्रिकदृष्ट्या बिअर नाही, सफरचंदाचा रस आंबवून करतात, धान्य नाही त्यामुळे बिअरची चवच नको असणाऱ्यांसाठी चांगली सोय. मीड म्हणजे मध आंबवून केलेलं पेय, पुण्याजवळच मूनशाइन मीडरी ते बनवते. पण ही दोन्ही दुसऱ्या एखाद्या संध्याकाळसाठी ठेवा.

प्यायचं कसं

घटाघट नाही. आधी ग्लास उजेडात धरून बघा, मग नाक आत घालून वास घ्या, मग छोटा घोट, तोंडात फिरवा आणि गिळा. वाइनवाले थुंकतात, इथे गिळायचंच, कडवटपणा गिळताना जास्त कळतो. वरचा फेस "कमी करा" म्हणून वेटरशी भांडू नका, दोन बोटं फेस हवाच, वास त्यातूनच येतो. आणि "एकदम चिल्ड" हा हट्ट आज सोडा. फ्रीजरमधला बर्फ लागलेला मग तर नकोच. जीभ बधीर झाली की सगळ्या बिअर सारख्याच लागतात. हलक्या बिअर थंड ठीक आहेत, पण आयपीए किंवा स्टाउट आली की दहा मिनिटं तशीच ठेवा आणि मग परत वास घ्या, दुसरीच बिअर असल्यासारखी वाटेल.

मोबाइलच्या नोट्समध्ये प्रत्येकीसमोर चार शब्द लिहा. "केळं, गोडसर, परत घेईन" एवढं बास. सविस्तर लिहायला गेलात की टेबलावरचे लोक चिडवतात, आणि तिसऱ्या ग्लासानंतर लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचवत नाही.

प्रत्येक दोन ग्लासांमधे पाणी. साधं पाणी मागा, ते द्यायला लागतं, बाटलीच घ्या असं कुणी म्हणालं तरी साधं मागा.

बिअर खराब आहे हे कसं ओळखायचं

ताजी म्हणून सगळीच चांगली असते असं नाही. गोझे किंवा सावर (म्हणजे मुद्दाम आंबट केलेली) असं लिहिलेलं नसताना बिअर व्हिनेगरसारखी आंबट लागली तर पाइप साफ नाहीत किंवा बॅचला संसर्ग झालाय. पॉपकॉर्नवरच्या बटरचा वास आला तर आंबवण्याचं काम पूर्ण व्हायच्या आधीच घाई केलीये. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास म्हणजे उकळण्यात गडबड. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर अजून कच्ची. आणि ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे जुनी, हवा लागलेली. एका ठिकाणी, नाव नको, बटरचा इतका वास होता की आम्ही आधी टेबलावरच्या पॉपकॉर्नवर संशय घेतला. अशा वेळी शांतपणे सांगायचं, "ही जरा वेगळी लागतेय, एकदा बघता का?" चांगली जागा असेल तर न वाद घालता बदलून देतात. फक्त कडू आहे म्हणून परत पाठवू नका, तो दोष नाही.

सोबत काय खायचं

तिखटजाळ आणि आयपीए ही जोडी जमत नाही, तिखटाने कडवटपणा अजून बोचतो आणि तोंड पेटतं. तिखट खायचंच असेल तर सोबत हेफे किंवा विट ठेवा. विटबिअर आणि मासे, म्हणजे कोळीवाडा किंवा रवा फ्राय, ह्यापेक्षा चांगलं काही नाही, लिंबू पिळायची पण गरज नाही. आयपीएला तळलेलं, चीजवालं, तेलकट काहीतरी. स्टाउटला मटण सुकं चालतं आणि ब्राउनी पण चालते. मसाला पापडाने सगळ्या चवी मरतात, पण तो लोक मागवणारच, त्याला इलाज नाही.

शाकाहारी मंडळींचा एक खरा प्रश्न असतो. बिअर स्वच्छ दिसावी म्हणून काही ठिकाणी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालायची जुनी पद्धत आहे. इथल्या ब्रुअरीत बहुतेक बिअर गढूळच देतात त्यामुळे सहसा प्रश्न येत नाही, पण मनात शंका असेल तर सरळ विचारा. ग्लूटेन चालत नसेल तर मात्र बार्ली-गव्हाची बिअर तुमच्यासाठी नाही, साइडरकडे वळा.

दुसऱ्या ब्रुअरीत

इथे बहुतेक लोक परत पूर्ण ट्रे मागवतात आणि सगळं नवीन घेतात. त्यापेक्षा असं करा: पहिल्या जागी जी हेफे प्यायलात तीच स्टाइल इथे पण घ्या. तेच नाव, तोच देश, तीच रेसिपी म्हणावी अशी, आणि तरी एकीत केळं पुढे असेल, दुसरीत लवंग, एक घट्ट असेल, एक पातळ. नोट्स उघडून बघा काय लिहिलं होतं. पुढच्या वेळी मेन्यू हातात आल्यावर तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही ते ह्या पाच मिनिटांमुळे. मग एखादी अशी घ्या जी पहिल्या जागी नव्हतीच, आणि शेवटी दिवसभरात जी आवडली तिचा एक छोटा ग्लास, बास. ग्रुपमधला कुणी जास्तच रंगात आला असेल तर त्याला लिंबूपाणी आणि फ्राइज देऊन बसवा, "अजून एक पिचर" ह्या घोषणेला पाठिंबा देऊ नका.

बिल

बिलात बिअरवर व्हॅट आणि खाण्यावर जीएसटी असे वेगवेगळे लागतात, त्यामुळे मेन्यूवरच्या आकड्यापेक्षा बिल बरंच फुगलेलं दिसतं, दचकू नका. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे, सर्व्हिस आवडली नसेल तर काढायला सांगता येतो. सर्व्हिस चांगली होती आणि त्या पोराने तुमचे पंधरा प्रश्न न कंटाळता झेलले असतील तर त्याच्या हातात टिप द्या. आणि वाटणी टेबलावरच करून टाका, नंतर ग्रुपवर हिशोब मागणारा माणूस कायमचा बदनाम होतो.

घरी न्यायची असेल तर

बऱ्याच ब्रुअरी ग्राउलरमध्ये, म्हणजे झाकण घट्ट बसणाऱ्या मोठ्या बाटलीत, टॅपवरची बिअर भरून देतात. हेफे, विट न्यायला चांगल्या. भरताना मानेपर्यंत भरून घ्या, वर जास्त हवा राहिली की चव जाते. रस्त्यात कुठे थांबू नका, उन्हात आणि गरम गाडीत तर अजिबात ठेवू नका, घरी गेल्या गेल्या फ्रीजमध्ये, दाराच्या कप्प्यात नाही, आत मागे उभी. न उघडता दोन-तीन दिवस नीट राहते. एकदा उघडली की त्याच रात्री संपवायला लागते, त्यामुळे मोठी बाटली घ्यायच्या आधी दुसऱ्या दिवशी घरी कोण कोण येऊ शकतं ते फोन करून विचारून घ्या.